कनेक्शन बदलेल, नाव आपल्याच हाती ठेवा

घरात इंटरनेट आहे, जुना संगणकही पडून आहे. मग आपल्या नावाचं संकेतस्थळ त्यावरच का चालवू नये? जरूर चालवा. फक्त कामाचा क्रम चुकवू नका.

आधी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या सवलतीला न भुलता नूतनीकरणाचा दर विचारा. ओळखीतला मुलगा ‘मी करून देतो काका’ म्हणाला, तरी खातं, पासवर्ड आणि नोंदणीतलं नाव तुमचंच असू द्या. खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल जोडू नका. डोमेन बंद पडलं की तोही बंद पडतो आणि खात्यात शिरायची वाटच उरत नाही. देवनागरीतलं नाव हवं असेल तर २०१४ पासून ‘.भारत’ उपलब्ध आहे.

आता खरी अडचण. डोमेनमागे आयपी पत्ता लागतो आणि घरगुती कनेक्शनचा पत्ता बदलत राहतो. त्यावर उपाय आहे डायनॅमिक डीएनएस: पत्ता बदलला की राउटर किंवा संगणक नवा पत्ता त्या सेवेला आपोआप कळवतो. पण तुमच्या वाट्याला स्वतंत्र पत्ता आला आहे का, ते आधी पाहा. आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी; त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा २०११ मध्ये संपला. त्यामुळे अनेक कंपन्या एकाच पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. अशा वेळी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून काही होत नाही, बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

तपासणी सोपी आहे. राउटरच्या पानावरचा ‘वॅन आयपी’ पाहा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आयपीव्ही४ पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असला, तर तुम्ही सामायिक पत्त्यावर असण्याचीच शक्यता जास्त. मग कंपनीकडे स्थिर आयपी मागा. बहुधा जादा पैसे पडतात. नाहीतर क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेचा टनेल वापरा. त्याला घरातलं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. घरून सर्व्हर चालवायला कंपनीची परवानगी आहे का, तेही कराराच्या अटींत वाचून घ्या.

ईमेल मात्र घरून चालवू नका. घरगुती कनेक्शनवर पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतं आणि पत्र गेलंच तर स्पॅममध्ये पडतं. एखादी ईमेल सेवा घ्या आणि डोमेनची एमएक्स नोंद, म्हणजे ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद, तिच्याकडे वळवा. उद्या सेवा बदलली तरी ईमेलचा पत्ता तोच राहील.

पोर्ट उघडलंच तर लागेल तेवढंच उघडा. राउटरचं सेटिंग बाहेरून दिसू देऊ नका, संगणक अद्ययावत ठेवा आणि माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. वीज गेली की संकेतस्थळही बंद पडतं. ज्यावर रोजचा धंदा अवलंबून आहे ते होस्टिंगवरच ठेवा. आणि दुकानाच्या पाटीवर, पावतीवर इंटरनेट कंपनीने दिलेला ईमेल छापू नका. आपल्या डोमेनचाच छापा.