थंडीने पोळलेल्या रोपांची शुश्रूषा

बीड–परळी मार्गावरील वडवणीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठासारखे गोठलेले दव सहसा पाहावयास मिळत नाही. तथापि पौषातील काही रात्री मराठवाड्यातही निर्दय ठरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोंदींत पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेला आहे. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे ४ फूट उंचीवर असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतचे पान त्या नोंदीहूनही थंड होते. टोमॅटो, मिरची, वांगी, पपई या उष्ण प्रदेशातील वनस्पतींना तर गोठण्याचीही आवश्यकता नसते. १० अंशांखालचा गारठा लांबला की त्या खंगू लागतात.

गोठलेली पाने सकाळी उकडल्यासारखी, पाणीदार दिसतात आणि पुढे काळी पडतात. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरला की तो पेशीतील पाणी ओढून घेतो आणि तिचे आवरण निकामी होते. हे पाहून घरातील माणसे कळवळतात, कात्री चालवतात, बादलीभर पाणी ओततात, चिमूटभर युरियाही घालतात. थंडीतून तगलेले रोप पुष्कळदा या मायेने दगावते.

काळी पाने डोळ्यांना खुपली तरी राहू द्यावीत. त्यांच्याखालील डोळ्यांना तीच पांघरूण होतात; शिवाय छाटणीमुळे येणारा कोवळा फुटवा पुढच्या थंड रात्रीच्या तावडीत आयताच सापडतो. टोमॅटो-मिरचीसाठी आठ-दहा दिवस थांबावे, आंबा-पेरूसाठी थंडी सरेपर्यंत. मऊ पडून कुजणारा भाग मात्र लगेच काढावा. पाने कमी झाल्याने रोपाची तहानही कमी होते, म्हणून माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. नवी पाने येईपर्यंत खत नको. पहिले दोन-तीन दिवस कडक उन्हापासून आडोसा करावा.

रोप जिवंत आहे की नाही, हे नखाने साल किंचित खरवडून कळते. आत हिरवे असेल तर धीर धरावा. टोमॅटोचा शेंडा गेला तरी पानांच्या बेचक्यातून फुटवा येतो. परंतु बीजपत्रांच्याही खाली देठ काळे पडले असेल तर ते रोप गेले. आंब्याच्या कलमाकडे अधिक बारकाईने पाहावे. फुटवा केवळ सांध्याखालून आला तर तो खुंटाचा. हौसेने लावलेला केशर त्यात उरलेला नसतो. सीताफळाची पाने मात्र हिवाळ्यात स्वभावतःच गळतात. बीडच्या या फळझाडाला उगाच रोगी ठरवू नये.

पुन्हा थंडीचा रंग दिसला तर दुपारी माती हलकी भिजवावी. ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. रात्री शेकोटी करून धूर धरण्याची जुनी रीत आहे. धुराने ऊब फारशी अडत नाही आणि त्या ज्वाळेत किती सूक्ष्म जीव होरपळतात, हे जैन घरांत सांगावे लागू नये. त्यापेक्षा दुकानातील रिकामे बारदान उपयोगी. चार काठ्या रोवून, पानांना न टेकता, कडा जमिनीपर्यंत येतील असे ते सूर्यास्तापूर्वी पसरावे. सकाळी ऊन आल्यावर काढून वाळत घालावे, कारण जमीन दिवसा झाकलेली राहिली तर तापत नाही आणि ओले बारदान रात्री पानांवर लोंबते.