चमत्काराने लग्न लावू नये

मराठी प्रेमकथेला वाचकांची वानवा कधीच नव्हती. एके काळी ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांवर उड्या पडत. आज मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या प्रेमकथा तितक्याच चवीने वाचल्या जातात. त्यात आता अद्भुताचाही शिरकाव होतो आहे. कुठे पूर्वजन्मीची ओळख पटते, कुठे स्वप्नात दिसलेला माणूस दारात उभा राहतो. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही, कारण प्रेमात पडलेला माणूस हिशोबी जगात राहतच नाही. पण अशा कादंबरीला एक अट घालायला हवी. चमत्काराने अवेळी पाऊस पाडावा, मेलेल्याला बोलते करावे. नायक-नायिकेचे लग्न तेवढे लावून देऊ नये. जात, जमीन आणि घराण्याची अब्रू यांनी अडवलेली वाट जादूने मोकळी झाली, की कादंबरीतले वास्तव खोटे पडते आणि अद्भुतही स्वस्त होते.

ही अट मराठीत सिनेमाने पाळून दाखवली आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. तिची राख आवडत्या शालूवर टाकली की ती आपली होईल, असा त्याचा विश्वास असतो. चिमणी हाती लागत नाही. उलट शालूच्या देखत त्याला घरच्यांबरोबर डुकरामागे धावावे लागते. राखेचा गुण आला असता तर हा सिनेमा एक गोड परीकथा होऊन विसरला गेला असता. लॉरा एस्किवेल या मेक्सिकन लेखिकेच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ (१९८९) या कादंबरीतही हेच दिसते. धाकट्या मुलीने लग्न न करता आईची सेवा करायची, या घरच्या रीतीमुळे नायिका तीताचा प्रियकर तिच्या बहिणीशी लग्न करतो. त्या लग्नाच्या केकमध्ये तीताचे अश्रू मिसळतात आणि तो खाऊन सगळे वऱ्हाड रडायला लागते. मेजवानीचा विचका होतो, लग्न मात्र मोडत नाही. विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेत व्यापारी नवरा लग्न होताच परगावी जातो आणि एक भूत त्याचे रूप घेऊन नववधूकडे येते. तिला खरे काय ते सांगून, तिची संमती घेऊन राहते. शेवटी भूत कातडी पखालीत कोंडले जाते आणि बाई परत त्याच नवऱ्याच्या पदरात पडते. अमोल पालेकरांनी २००५ मध्ये याच कथेवरच्या ‘पहेली’त भुताला नवऱ्याच्या देहात शिरवून दोघांचे मीलन घडवले. सिनेमा देखणा आहे, पण देथांचा शेवट बोचतो तसा तो बोचत नाही.

आता नागपूर जिल्ह्यातले भिवापूर पाहा. अशा कादंबरीसाठी याहून चांगली जमीन शोधून सापडणार नाही. गावाची ओळख मिरचीची. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. तरी गेल्या काही दशकांत कापूस, सोयाबीन आणि संकरित वाणांनी तिची जागा घेतली. या भागात सातऱ्यावर, म्हणजे लाल मिरची वाळत घातलेल्या आवारात, बाया तोंडाला ओढणी-पदर बांधून दिवसभर देठ खुडतात. मजुरी वजनावर मिळते. बोटांची आग संध्याकाळी हात धुतल्यावरही जात नाही. त्या हातांनी कोणाला स्पर्श करायचा तरी विचार करावा लागतो. एखादीच्या मनातले त्या मिरचीत उतरले आणि ती मिरची गेलेल्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्या रात्री भांडणे पेटली, असे कोणी लिहिले तर वाचक ते मुकाट्याने मान्य करील, कारण आग आधीच खरी आहे. फक्त किलोमागचा दर त्या जादूने वाढता कामा नये.

दुसरे उदाहरण वाघाचे. भिवापूर तालुक्याचा काही भाग २०१२ मध्ये जाहीर झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. ‘शोले’तले नाव घेऊन फिरणारा जय हा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून शंभरावर किलोमीटर चालत इथे आला. जोडीदाराच्या शोधात आला, असेच लोकांनी मानले. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही २०१६ च्या एप्रिलपासून तो बेपत्ता आहे. सरकारी यंत्रणेला उत्तर सापडले नाही, तिथे लोकांची गोष्ट सुरू होते. पळून गेलेल्या पोट्ट्या-पोट्टीला वाटेत हा वाघ भेटला, तर कादंबरीकाराने त्याला जरूर बोलू द्यावे. पण सकाळी भाऊबंद मोटरसायकलींवर पोहोचणार असतील, तर वाघाने ते संकट टाळू नये. पलीकडे गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे आहेत. वास्तव स्वतःच इतके विलक्षण असलेल्या मुलखात अद्भुत बाहेरून आणावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप विवेकवादी मंडळींचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा ज्या राज्यात आला, तिथे असल्या कादंबऱ्यांचे कौतुक कशाला? शंका रास्त आहे, आणि वरची अट तिचेच उत्तर आहे. बसस्टँडच्या भिंतीवर ‘प्रेमात यश, खात्रीशीर वशीकरण’ अशी जाहिरात चिकटवणारा बाबा आणि जादूने नायिका मिळवून देणारा लेखक एकच माल विकतात. जादू असूनही जिथे जात जिंकते, ती गोष्ट मात्र वाचकाला बाबाकडे पाठवत नाही. अडथळा ग्रहांचा नसून माणसांचा आहे, हे ती दाखवते.

दुसरा आक्षेप असा, की हे लॅटिन अमेरिकेतून, कादंबरीकार मार्केझच्या घरून आणलेले उसने सोंग आहे. पण श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या समाजाने असे म्हणू नये. त्या कहाण्यांत देव म्हाताऱ्याच्या वेशात दारात येतो आणि कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. दिवाळीनंतर मंडई नावाच्या जत्रेत झाडीपट्टीचे नाटक रात्रभर बघणारा इथला प्रेक्षक प्रेम, ताटातूट आणि अश्रू यांना सरावलेला आहे. फरक इतकाच, की कहाणीत व्रत केले की गेलेले वैभव परत येते. आजच्या कादंबरीला ते फळ फुकट देता येत नाही.

तिसरा आक्षेप वाचकाचा: मग आम्ही प्रेमकथेत सुख मागायचेच नाही का? जरूर मागावे. सुखान्त वर्ज्य नाही, फुकटचा सुखान्त वर्ज्य आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आधी नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि ३० दिवस थांबावे लागते. आंतरजातीय जोडप्यासाठी हे ३० दिवस कोणत्याही भयकथेपेक्षा लांब असतात. ते दिवस दोघांनी धीराने, मित्रांच्या मदतीने, भीत भीत काढले आणि सही केली, तर तो सुखान्त अस्सल ठरेल. त्या दिवसांत आजीचे भूत सोबतीला येऊन बसले तरी हरकत नाही. सही त्यांनीच करायला हवी.

तेव्हा पूर्व विदर्भातल्या नव्या लेखकांनी पुण्या-मुंबईचे कॅफे आपल्या कथांत आणण्याआधी आपला सातरा, आपले जंगल आणि आपली बोली यांकडे वळून पाहावे. प्रकाशकांनीही ती बोली प्रमाण भाषेत घासूनपुसून छापू नये. आणि वाचकांनी पुढची अद्भुत प्रेमकथा हाती घेताना एवढेच तपासावे, की अडचण कोणी सोडवली: माणसांनी की मंत्राने? मंत्राने सोडवली असेल, तर ती कादंबरी खुशाल बाजूला ठेवावी.