वर्गणीत संग्रहालयाचाही वाटा

धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. सातवाहनकाळात हेच ‘तगर’. इथला माल भडोचच्या बंदरातून रोमन जगाकडे जाई. तेरणाकाठच्या पांढरीत मणी, नाणी, मातीच्या मूर्ती सापडत. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या हजारोंनी जमवल्या, जपल्या. त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आज तिथे आहे. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचं नातं सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत निघाली!

तेरला निदान शासनाचा आधार आहे. गावोगावच्या लहान संग्रहांना तोही नसतो. शाळेच्या एखाद्या खोलीत मोडी कागद, जुनी मापं, पाभर, वीरगळाचा तुकडा. पावसाळ्यात छत गळतं, कागदाला कसर लागते, आणि वस्तू कुणी दिली हे सांगणारी पिढीही निघून जाते.

दुरुस्तीसाठी पैसे जमले की आधी कमान आणि कोनशिला उभी राहते. हे चूक आहे. पहिला रुपया छतावर खर्च व्हावा, दुसरा नोंदवहीवर. वस्तू कुठली, कुणाची, कशी वापरत, हे लिहिलेलं नसेल तर उरते ती नुसती अडगळ.

देवळाच्या कळसासाठी, जत्रेसाठी गाव वर्गणी काढतं. पुण्या-मुंबईची मंडळीही हात आखडत नाहीत. यंदा जत्रेला गावी जाल तेव्हा संग्रहालयासाठीही पावती फाडा, आणि पुढच्या वर्षी हिशेब मागा.