बाबासाहेबांची पत्रिका कशाला?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतील एका तरुणाने आम्हाला मोबाईल दाखविला. चिनी ज्योतिषाने बाबासाहेबांच्या जीवनाचा अर्थ लावलेला होता. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही त्यांची पाच तत्त्वे. त्यांना बारा प्राण्यांची जोड देऊन साठ वर्षांचे चक्र मानतात. १४ एप्रिल १८९१ हा जन्मदिवस त्यात धातू आणि सशाच्या वर्षात पडतो. म्हणे धातूमुळे बाबासाहेब निश्चयी झाले! "चीनमध्ये बौद्ध आहेत, मग ही विद्या आपलीच ना?" असे त्याने विचारले.

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देतो. पंचतत्त्वांची ही कल्पना धम्म चीनमध्ये पोहोचण्याच्या आधीची आहे. धम्म तेथे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास गेला. तथागतांनी तर भविष्य सांगून पोट भरणे भिक्खूंना वर्ज्य ठरविले. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात ते आले आहे.

साधा हिशेब करा. फेब्रुवारी १८९१ पासून वर्षभरात जगात जन्मलेले प्रत्येक मूल याच वर्षाचे. १९५१ आणि २०११ सालीही तेच वर्ष आले. मग ते सारे बाबासाहेब का झाले नाहीत?

तत्त्वांचेच बोलायचे तर पाण्याचे बोला. बाळ भीमाला शाळेत पाण्याला हात लावण्याची मनाई होती. ते पाणी ग्रहांनी अडविले नव्हते, जातीने अडविले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी हक्काने घेतले. पिता रामजींची शिस्त, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, रमाईचे कष्ट आणि रात्रंदिवस अभ्यास यांतून बाबासाहेब घडले. हे श्रेय धातूला देणे म्हणजे या सर्वांच्या कष्टांवर पाणी फिरविणे होय.

जन्मावरून माणसाची लायकी ठरते, हेच मनुस्मृती सांगत होती. ती २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच जाळली गेली. जन्मवेळेवरून माणूस मोजणारे ज्योतिष वेगळे काय सांगते? जन्माने मिळालेला धर्म बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात सोडला, तोही विचारपूर्वक.

बोलता बोलता कळले की, त्या तरुणाच्या बहिणीचे लग्न पत्रिका जुळत नाही म्हणून अडले आहे. मुलगा निर्व्यसनी, कमावता, मुलीलाही पसंत. जातककथेतही असेच घडले आहे. नक्षत्र वाईट म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी आलाच नाही, आणि वधूपक्षाने मुलगी दुसरीकडे दिली. नक्षत्र पाहणारे हात चोळत बसले.

आईबापांना आमची कळकळीची विनंती आहे. स्थळ पाहताना मुलाचे शिक्षण, कमाई, स्वभाव, व्यसन यांची चौकशी करा. मुलीचे मत विचारा. जन्मवेळ मात्र विचारू नका. पुढल्या रविवारी त्या बहिणीच्या घरी आम्ही जाणार आहोत, तेही पंचांग न पाहता.

जयभीम!