पंज्याची पकड कोणाच्या हाती?

मॉलमध्ये सरकत्या जिन्याशेजारी, नेमके मुलांच्या नजरेच्या उंचीवर, एक काचेची पेटी दिसते. आत मऊ खेळणी, वर लोंबणारा पंजा. नाणे टाका, दांडा फिरवा, खेळणे उचला. हात सराईत झाला की जमेल, असे मुलांना वाटते. पण अशा अनेक यंत्रांत पंज्याची पकड केव्हा घट्ट आणि केव्हा सैल, हे मालकाला आधीच ठरवता येते. नेम अचूक असला तरी खेळणे वाटेतच निसटते.

हे थोडक्यात हुकणेच खेळाडूला धरून ठेवते. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ साली स्लॉट मशीनसारख्या खेळात प्रौढांचा मेंदू तपासला. जिंकल्यावर उद्दीपित होणारे काही भाग थोडक्यात हुकल्यावरही उद्दीपित झाले. पुन्हा खेळण्याची इच्छा वाढली ती मात्र चाल स्वतः निवडली असेल तेव्हाच. इथे तर दांडा मुलाच्याच हातात असतो!

प्रत्येक मूल यातून जुगारी होईल, असे मी म्हणणार नाही. बहुतेकांचा उत्साह भजी-आइस्क्रीमपर्यंतच टिकतो. माझा आक्षेप फसवणुकीला आहे. नशिबाचा खेळ सहा वर्षांच्या मुलाला कौशल्याचा म्हणून विकला जातो. जागा भाड्याने देताना मॉलने अट घालावी: पकड प्रत्येक खेळीला सारखी हवी, नाहीतर किती खेळींमागे एक बक्षीस मिळते ते यंत्रावर ठळक मराठीत लिहावे. पालकांनीही खेळींची संख्या यंत्राजवळ जाण्याआधीच मुलाशी ठरवावी. तिथे पोहोचल्यावर वाद घालणे कठीण असते.