हाताशी असलेलं इंग्रजी

'पुट'चा उच्चार पुट, मग 'बट'चा बुट का नाही, हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला असतो. प्रश्न रास्तच आहे. पण याच बेशिस्त स्पेलिंगचा एक मोठा फायदा आपल्याला कोणी सांगत नाही. उच्चार बदलले तरी अक्षरं सहसा आपली जागा सोडत नाहीत, त्यामुळे एका घराण्यातले शब्द चेहऱ्यावरून ओळखता येतात. म्हणून या वीकांताला माझं मत सरळच मांडतो. मराठी माध्यमाच्या मुलांकडून रोज वीस-वीस इंग्रजी शब्दांची यादी पाठ करून घेणं थांबवावं, आणि शब्द घराण्यांनी शिकवावेत.

उदाहरणच घेऊ. एम-ए-एन-यू ही चार अक्षरं. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. (आपल्या माणसाशी याचा काही संबंध नाही बरं का!) मॅन्युअल म्हणजे हाताने करायचं. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हाताने लिहिलेलं. आता याचा मराठी शब्द आठवा: हस्तलिखित. तुकड्याला तुकडा जुळला की नाही? ज्या मुलाला हस्तलिखित कळतं, त्याला मॅन्युस्क्रिप्ट अर्धा आधीच येत असतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

पुढचा शब्द आमच्या लालबाग-परळचा. मॅन्युफॅक्चर, म्हणजे मुळात 'हाताने बनवणे'. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. हातमागाचं काम साच्यांनी घेतलं, पण शब्द मात्र तोच राहिला. गंमत म्हणजे हात गेला तो कामगाराच्या नावात जाऊन बसला, कारण इंग्रजी कागदपत्रांत गिरणी कामगार म्हणजे 'मिल हँड'. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा असे अडीच लाखांच्या आसपास 'हात' गेटबाहेर होते. त्यांच्या 'डिमांड'मधला मँड येतो लॅटिन 'मान्दारे'वरून, त्यात हात आणि देणे असे दोन तुकडे. गेटच्या आतल्या 'मॅनेजर'चं मूळ इटालियनमधल्या घोडा हाताळण्यात. म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकाच हाताची बोटं!

आज त्या गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे आहेत आणि तिथे नव्याने राहायला गेलेल्यांच्या तोंडी एकच चिंता असते: मेंटेनन्स. यातही हातच आहे. फ्रेंचमध्ये हाताला लिहितात एम-ए-आय-एन, आणि 'तनीर' म्हणजे धरणे. मेंटेन करणे म्हणजे हाती धरून ठेवणे. गिरणगावाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास एका धाग्यात ओवता येतो. असा शब्द पोरगं विसरेल का?

आता तुम्ही म्हणाल, अक्षरं जुळली म्हणून नातं कसं लावायचं? बरोबर आहे. आम्ही प्रोग्रामर लोक 'स्ट्रिंग सर्च' करतो ना, तसा एम-ए-एन एवढाच शोध टाकला तर मँगो, वूमन, ह्यूमन सगळे रांगेत येतील. मँगो दक्षिणेतल्या 'मांगा'वरून पोर्तुगीजांच्या बोटीत बसून गेला. वूमन जुन्या इंग्रजीतला. ह्यूमन लॅटिनचाच, पण घराणं वेगळं. सगळ्यात भारी म्हणजे मँडरिन. चिनी साम्राज्यातल्या अधिकाऱ्याला हे नाव. दिसायला थेट 'कमांड'चा भाऊ, आणि मूळ शोधत गेलं तर पोर्तुगीज, मग मलाय, आणि शेवटी आपला संस्कृत 'मंत्रिन्'! घरचाच माणूस परदेशी कपड्यांत. तेव्हा नियम सोपा ठेवावा: अक्षरं जुळली तर फक्त संशय घ्यायचा, अर्थही जुळला तर नातं धरायचं, आणि डिक्शनरी उघडून खात्री करायची. शिवाय मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे, हे मॅन्युफॅक्चरने दाखवलंच.

शिक्षक म्हणतील, पोर्शन कधी संपवायचा? तेही खरं आहे. पण आठवड्याला एक घराणं घेतलं तर दहा मिनिटं लागतात. आणि आपल्या मुलांना ही रीत नवीन नाही. कृ धातूपासून कर्म, कार्य, कर्ता, कृती होतात हे ती शिकतात. उपसर्ग, प्रत्यय, समास मराठीच्या तासाला करतात. पुढच्या तासाला इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मात्र हे सगळं दप्तरात टाकायचं आणि घोकंपट्टीला बसायचं. हत्यार हातात असून न वापरण्यासारखं आहे हे.

हा माझ्यासाठी नुसता शब्दांचा खेळ नाही. गिरगाव, दादर, परळमधल्या मराठी शाळांचे वर्ग रोडावत चाललेत आणि आईवडील कारण देतात ते इंग्रजीचं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोटाचा प्रश्न असतो. राज्य सरकारने २००० साली इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आणलं. पण तीच यादी, तीच घोकंपट्टी असेल तर भीती चार वर्षं आधी सुरू होते, बाकी काही नाही. मराठीमुळे इंग्रजी कच्चं राहतं हा समज मोडायचा असेल, तर मराठीच्याच जोरावर इंग्रजी पक्कं होताना दिसलं पाहिजे.

करून बघायचं असेल तर पुढचं घराणं 'स्क्रिप्ट'चं घ्या. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन म्हणजे 'आधी लिहिलेलं', कारण औषध नंतर मिळतं. आणि मोबाइलवरचं सबस्क्रिप्शन म्हणजे 'खाली लिहिणे', अर्थात सही. घरातल्या शाळकरी पोराला अर्थ लगेच सांगू नका. आधी विचारा, यात ओळखीचं कोण दिसतंय?