धुराचे इंधन आणि विजेचा हिशेब

बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात धुरापासून इंधन करण्याचे प्रयत्न गेली काही वर्षे चालले आहेत. नेहरू जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1989 साली ही संस्था स्थापन झाली. पुढे भारतरत्न झालेले प्रा. सी. एन. आर. राव हे तिचे संस्थापक अध्यक्ष. 2022 साली केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने कार्बन डायऑक्साइड वायू पकडून उपयोगात आणण्यासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली. त्यांपैकी एक या संस्थेत आहे, दुसरे मुंबईच्या आय.आय.टी.त. विषय प्रयोगशाळेतला म्हणून गोमंतकीय वाचकाने तो बाजूला सारू नये. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा वास्कोच्या घरांवर काळी पूड सांडत कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. तेथे तो जळून जो वायू होतो, त्याच वायूशी या शास्त्रज्ञांची झुंज आहे. हा वायू राज्यांच्या सीमा जाणत नाही. मानवाने हवेत सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. त्याने पाण्याची आम्लता वाढते आणि तिसऱ्या-शिनाण्यांसारख्या जीवांना कवच घडवणे जड जाते.

या संशोधनाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. कोळसा जळाला की त्याची ऊर्जा निघून जाते. मागे राहणारा कार्बन डायऑक्साइड ही एका अर्थी राखच. या राखेचे पुन्हा लाकूड करायचे तर तिचा हायड्रोजनशी संयोग घडवावा लागतो. त्यातून मिथेनॉल हे द्रवरूप इंधन मिळते. हा संयोग सहजासहजी होत नाही. त्याला मध्यस्थ लागतो, ज्यास रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. नॅनो पदार्थ येथे कामी येतात. मिलिमीटरचे 10 लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तांब्यासारख्या धातूचे कण अशा मापाचे केले की, जेथे क्रिया घडते तो पृष्ठभाग अफाट वाढतो. ग्रॅमभर भुकटीला घराच्या अंगणाएवढा पृष्ठभाग लाभू शकतो. या केंद्रातूनच उभी राहिलेली ‘ब्रीद अप्लाइड सायन्सेस’ ही छोटी कंपनी 2018 साली ‘कार्बन एक्सप्राइज’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम 10 स्पर्धकांत पोचली. आपल्या शास्त्रज्ञांचे हे यश निःसंशय अभिमानास्पद आहे.

परंतु अभिमानाने हिशेब चुकता होत नाही. एक टन मिथेनॉल करावयास सुमारे 1.4 टन कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो आणि 190 किलोच्या आसपास हायड्रोजन लागतो. तो हायड्रोजन विजेच्या साहाय्याने पाण्यातून वेगळा काढायचा तर जवळजवळ 10,000 युनिट वीज हवी. ही वीज कोळशाच्या केंद्रातून घेतली तर ती निर्माण करतानाच नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. दीड टन पकडण्यासाठी दहा टन सोडायचा, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तरच या उद्योगाला अर्थ आहे.

दुसरा हिशेब प्रमाणाचा. जगाला वर्षाकाठी लागणारे मिथेनॉल सुमारे 11 कोटी टन. ते सगळेच्या सगळे या वायूपासून केले तरी 15 कोटी टनांच्या आसपास वायू खपेल. उलट कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून जग वर्षाला 3,700 कोटी टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. मध्य प्रदेशातील विंध्याचल औष्णिक वीज केंद्रात 2022 साली दिवसाला 20 टन वायू पकडणारी यंत्रणा सुरू झाली. उपक्रम स्तुत्य खरा. पण 4,700 मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या त्या केंद्रातून रोज बाहेर पडणारा वायू हजारो टनांत मोजावा लागतो.

म्हणूनच एका धोक्याकडे वेळीच लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. उद्या धुराचे इंधन होणारच आहे, तर आज धूर होऊ द्या, असा युक्तिवाद करणारे निघतील. 2017 साली वास्कोत झालेल्या जनसुनावणीत लोकांनी कोळशाच्या वाढीव हाताळणीला कसून विरोध केला होता. अशा विरोधाला प्रयोगशाळेतील बाटलीभर मिथेनॉल दाखवून गप्प करता येणार नाही. विज्ञानाची ढाल पुढे करून कोळशाची वाट मोकळी करणे हा त्या शास्त्रज्ञांच्या श्रमांचाही अवमान होईल.

संशोधनाला मात्र पैसा कमी पडता कामा नये. 2020-21 च्या आकडेवारीनुसार आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा 0.64 टक्के भाग संशोधनावर खर्च करीत होता. 2023 च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ निर्माण झाले, आणि पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांची योजना आखली गेली. परंतु त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून यावा, अशी अपेक्षा धरलेली आहे. जो धूर काढतो तोच त्या धुरावरील संशोधनाचा यजमान झाला, तर निष्कर्ष कितपत निर्भीड राहतील? या विषयापुरता तरी मुख्य भार सरकारने स्वतःच उचलावा. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने आपली वीज आणि हायड्रोजन कोठून येतो, आणि अखेर हवेतील वायू किती घटला, हे दरवर्षी जाहीर करावे. या तंत्राच्या भरवशावर एकाही नव्या कोळसा प्रकल्पाला मंजुरी देऊ नये.

धुरातून इंधन काढणारे शास्त्रज्ञ देशाला हवेच आहेत, आणि त्यांत गोमंतकीय मुले-मुलीही असावीत अशी आमची इच्छा आहे. मात्र आधी धूर कमी करण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांची आहे. ती प्रयोगशाळेच्या दारात नेऊन ठेवता येणार नाही.